फातोर्ड्याच्या आठवणी आणि सदरचे कुलूप

सदरच्या कॅथलिक घरांत फुटबॉलचा विषय निघाला की तो वर्तमानकाळात फार वेळ टिकत नाही. नाताळची सुट्टी असो, बाप्तिस्म्याचे जेवण असो किंवा रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात रेंगाळणे असो, दोन-चार वाक्यांतच मंडळी मागे जातात. कुणी गोव्याच्या संतोष करंडकावर येतो, कुणी धेंपोच्या पाच अजिंक्यपदांवर, कुणी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडवर. कोणता संघ थोर, कोणत्या वर्षाचा थोर, कुणाचा डावा पाय अधिक घातकी, यावर हिरिरीने वाद होतो. चहा थंड होतो. आणि शेवटी, जणू प्रार्थनेनंतरचे 'आमेन' म्हणावे तसे, ते ठरलेले वाक्य येते: "तो काळच वेगळा होता. आजच्या पोरांत ते राहिलेले नाही."

आमचे भांडण आठवणींशी नाही, या शेवटच्या वाक्याशी आहे. हे वाक्य खोटे आहे असे आम्हांला वाटते, आणि ते फार सोयीचे आहे, म्हणूनच ते इतके लोकप्रिय आहे असेही वाटते. ते एकदा उच्चारले की सांगणाऱ्याला काही करावे लागत नाही. दोष काळाचा आणि पोरांचा ठरतो, वडीलधारी मंडळी हात झटकून घरी जातात.

त्या काळाचे मोठेपण नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. १९८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संतोष करंडक वाटून घेतला आणि १९८४ मध्ये तो एकट्याने जिंकला. या दोन स्पर्धांत मिळून गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी सलग ५७६ मिनिटे आपल्या जाळ्यात चेंडू जाऊ दिला नाही. १९९० मध्ये करंडक पुन्हा गोव्यात आला. मधल्या काळात, १९८८ मध्ये, साळगावकर क्लबाने फेडरेशन चषक जिंकून गोव्याच्या क्लबांसाठी एक बंद दार उघडले. पुढे १९९६-९७ पासून राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि तिसऱ्याच हंगामात तिचे अजिंक्यपद साळगावकरने पटकावले.

परंतु खरा सुवर्णकाळ त्यानंतरचा. २००४-०५ ते २०१२-१३ हे नऊ हंगाम पाहावेत. देशाचे सर्वोच्च अजिंक्यपद या नऊ वर्षांत पाच वेळा धेंपोने जिंकले, दोन वेळा चर्चिल ब्रदर्सने आणि एकदा साळगावकरने. उरले एक, २००५-०६ चे. ते डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने जिंकले. म्हणजे नऊच्या नऊ अजिंक्यपदे मुंबईपासून मडगावपर्यंतच्या त्या चिंचोळ्या किनारपट्टीने आपल्याकडे ठेवली. कोलकात्यासारख्या फुटबॉलवेड्या महानगराला नऊ वर्षे रिकाम्या हाताने परतवणे हे लहान काम नव्हे. धेंपोच्या पाचही अजिंक्यपदांमागे एकच प्रशिक्षक होते, आर्मांदो कुलासो. गावच्या मैदानावरची मुले उचलून त्यांतून देशातील पहिल्या क्रमांकाचा संघ घडवणारा हा माणूस कुठल्याही परदेशी गुरूहून उणा नव्हता.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या सदरला या साऱ्याचा इतका जिव्हाळा का, असे एखादा विचारील. आमच्या धर्मग्रामात गोव्याहून, मुंबईहून, मंगळूरहून आलेली कुटुंबे आहेत. रेल्वेच्या, शाळांच्या, इस्पितळांच्या नोकऱ्यांमागोमाग ती इथे आली आणि इथलीच झाली. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर डिसोझा, परेरा, फर्नांडिस ही नावे दिसली की या उन्हाळ्याच्या गावात घरचे कुणी भेटल्यासारखे वाटे. त्या भावनेची टिंगल आम्ही करत नाही. अल्पसंख्य समाजाला असे आनंद मोजकेच लाभतात.

परंतु आठवण आणि आळस यांत फरक असतो. पवित्र शास्त्राच्या वाचकांना त्या फरकाचे एक जुने उदाहरण ठाऊक आहे. गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना अरण्यात मिसर देश आठवू लागला. काय आठवले? काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण. विटांची वेठबिगार आठवली नाही, मुकादमाचा चाबूक आठवला नाही. आठवणीने आपल्या जिभेला रुचेल तेवढेच निवडून घेतले आणि त्या निवडलेल्याच्या आधारे मोशेशी भांडण मांडले. पूर्वीचे दिवस आजच्याहून बरे का होते, हा प्रश्न शहाणपणातून येत नाही, असा इशारा उपदेशकानेही देऊन ठेवला आहे. आमच्या फुटबॉलच्या बैठकीत नेमके हेच घडते. काकड्या आठवतात. विटा कुणी थापल्या, हे कुणी विचारत नाही.

म्हणून आम्ही विचारतो.

पहिला प्रश्न असा की हा काळ उभा कुणी केला? तो आकाशातून पडला नाही. गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंना दिले जाते. १८८३ मध्ये शिवोलीला त्यांनी मुलांच्या पायांत चेंडू दिला. त्या दिवसापासून पहिल्या संतोष करंडकापर्यंत शंभर वर्षे लागली, हे शांतपणे ध्यानात घ्यावे. या शंभर वर्षांत काय झाले? भात कापून झाले की रिकाम्या शेतात पोरे खेळली. चर्चपुढच्या मोकळ्या जागेत खेळली. वाड्याने वाड्याला, गावाने गावाला आव्हान दिले. कुणी शिट्टी वाजवली, कुणी चुन्याच्या रेषा मारल्या, कुणी फाटक्या चेंडूला ठिगळ लावले. या माणसांची नावे कोणत्याही चषकावर कोरलेली नाहीत. चौऱ्याऐंशीचा संघ त्यांच्या खांद्यावर उभा होता. ज्याला तो संघ हवा त्याने आधी ती शंभर वर्षे मान्य करावीत.

दुसरा प्रश्न, पैसा कुणाचा होता? धेंपो आणि साळगावकर ही खाण व्यवसायातली घराणी. लोहखनिजाच्या कमाईतून क्लब पोसले गेले, खेळाडूंना पगार मिळाले, संघ दूरच्या राज्यांत जाऊन खेळले. त्या घराण्यांनी खेळावर प्रेम केले, यात शंका नाही. पण त्याच खनिजाच्या लाल धुळीने डिचोली-सांगे भागांतील शेते आणि ओढे माखले होते, हेही तितकेच खरे. २००९ मध्ये धेंपोने आपला खाण व्यवसाय विकला, २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबवले गेले. हे सांगून आम्हांला कुणाचा विजय काळवंडायचा नाही. एवढेच म्हणायचे आहे की एका-दोन धनिकांच्या मर्जीवर टेकलेला सुवर्णकाळ त्यांची मर्जी असेतोच टिकतो. महिंद्रा युनायटेडचे तेच झाले. देशाचे अजिंक्यपद जिंकल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, तो संघ बंद करण्यात आला. एका कार्यालयात निर्णय झाला आणि मुंबईच्या फुटबॉलचे एक अख्खे घर मोडले.

तिसरा प्रश्न नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. त्या संघांत होते कोण? आमच्या बैठकींत हळूहळू असे चित्र तयार होते की जणू तो सारा काळ 'आपल्या लोकांचा' होता. हे अर्धसत्य आहे. ज्यांच्या ५७६ मिनिटांवर आम्ही आजही माना डोलावतो ते ब्रह्मानंद शंखवाळकर 'आपले' याच अर्थाने की ते साऱ्या गोव्याचे होते. आणखी मागे जाऊ. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, त्यांतले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांचे. ऑलिम्पिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. त्यांचा अभिमान कुणाला नाही? पण तो संघ घडवला हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी. १९६२ मध्ये जकार्त्याला भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हा संघात आपले फॉर्च्युनाटो फ्रँको होते. कर्णधार होते चुनी गोस्वामी, आणि गोल केले प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी. कर्करोगाने पोखरलेले रहीमसाहेब बाजूला उभे होते, पुढच्याच वर्षी ते गेले. बंगाली, शीख, मुसलमान, ख्रिस्ती असे हे अकरा पाय एका चेंडूमागे धावले म्हणून सुवर्ण आले. त्यातून फक्त आपले नाव वेगळे काढून चौकटीत लावणे म्हणजे सांघिक छायाचित्रातून स्वतःचा चेहरा कातरून घेणे होय.

आणि या छायाचित्रात बाया-मुली कुठे आहेत? १९८० आणि १९८३ मध्ये भारताच्या महिला संघाने आशियाई स्पर्धेत उपविजेतेपद मिळवले होते. गोव्याच्या संतोष करंडकाच्या त्याच वर्षांतली ही गोष्ट. आमच्या बैठकीत तिचा उल्लेख आम्ही कधी ऐकला नाही. जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. 'आजच्या पोरांत ते राहिलेले नाही' म्हणणाऱ्यांनी निदान 'पोरींत' काय आहे ते पाहावे.

चौथा प्रश्न सर्वांत बोचरा. हा काळ संपला कसा, आणि तो संपत असताना त्याचे भक्त काय करत होते? २०१४ मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग आली. नवे संघ पैशाने घेतले गेले. खालच्या श्रेणीतून खेळून वर चढण्याची वाट तिथे नव्हती. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. यांतला धेंपो तर त्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद जिंकून वर येण्याच्या पात्रतेचा ठरला होता. एका झटक्यात त्या नऊ वर्षांचा वारसा अंगणात आणून ठेवला गेला. तेव्हा महासंघाला पत्र कुणी लिहिले? किती धर्मग्रामांतून आवाज उठला? त्याआधीच्या सुवर्णवर्षांत तरी सुट्टीला गोव्यास गेलेल्या किती जणांनी फातोर्ड्याचे तिकीट काढले होते, आणि किती जण त्याच संध्याकाळी दूरचित्रवाणीवर मँचेस्टर आणि लिव्हरपूल पाहत बसले होते?

अधिक काय सांगावे, २०२४-२५ च्या हंगामात धेंपो आय-लीगमध्ये परतला. ज्या संघाच्या नावाने डोळे ओले होतात तो संघ पुन्हा मैदानात उतरला आणि आमच्या आठवणीकारांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. याला प्रेम म्हणावे काय? जिवंत माणूस दाराशी उभा असताना त्याच्या तसबिरीला हार घालत बसण्याचा हा प्रकार आहे.

खेळ मेला, हेही खरे नाही. एफसी गोवाने २०१९ आणि २०२५ मध्ये सुपर चषक जिंकला. महिंद्राकडून खेळलेले खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले, म्हणजे त्या सुवर्णकाळाचा एक वारस देशाच्या बाकावर येऊन बसला. दुसरीकडे त्याच वर्षी व्यावसायिक करारांच्या वादात सुपर लीगचा हंगाम लांबणीवर पडला आणि आय-लीगचे अजिंक्यपद चर्चिल ब्रदर्सचे की इंटर काशीचे, हे स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाला ठरवावे लागले. निकाल काशीच्या बाजूने लागला. आजच्या फुटबॉलमध्ये रागवावे असे पुष्कळ आहे. परंतु तो राग पोरांवर का? करार पोरांनी केले नाहीत, क्लब पोरांनी बंद केले नाहीत, आणि मैदानांना कुलपेही पोरांनी घातली नाहीत.

कुलपांचा विषय निघालाच आहे तर आता सदरकडे येऊ.

आमच्या परिसरात एक आवार आहे. ते कोणत्या संस्थेचे हे सांगण्यात आम्हांला रस नाही, कारण अशी आवारे शहरात एकाहून अधिक आहेत आणि नाव घेतले की चर्चा मैदान सोडून माणसांवर घसरते. या आवारात पूर्वी संध्याकाळी कुणीही खेळे. फाटक केवळ गुरे आत येऊ नयेत म्हणून लोटलेले असे. मग एका बाजूला गाड्या उभ्या राहू लागल्या. मग लग्नसमारंभासाठी मांडव पडू लागले आणि मांडवाच्या खांबांनी जमीन चाळणीसारखी झाली. मग एके दिवशी फाटकाला कुलूप आले आणि त्यावर विनापरवाना प्रवेशास मनाई करणारी पाटी आली. आज संध्याकाळी पाच वाजता तिथे फक्त वाळलेली पाने खेळतात. पलीकडच्या गल्लीत, उभ्या केलेल्या दुचाक्यांच्या मधून, आठ-दहा पोरे प्लॅस्टिकचा चेंडू लाथाडत असतात आणि गाडीला चेंडू लागला की शिव्या खातात. शिव्या देणाऱ्यांत रविवारी धेंपोच्या गोष्टी सांगणारेही असतात.

ज्यांच्या आईबापांना परवडते ती मुले तासाच्या भाड्याच्या हिरव्या कृत्रिम गवतावर खेळतात. ज्यांना परवडत नाही ती गल्लीत. हे विभाजन नवे आहे, आणि याचा कोणताही दाखला आमच्या सुवर्णकाळात सापडणार नाही. शिवोलीच्या शेतात प्रवेशशुल्क नव्हते.

नागपूरकराला दाखला शोधायला दूर जायला नको. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली फुटबॉलसारखी लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली. 'आजच्या पोरांत ते राहिलेले नाही' असे म्हणून ते पुढे गेले असते तर कुणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी पोरांना चेंडू दिला. त्यातून 'स्लम सॉकर' उभी राहिली, इथली मुले बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत पोहोचली, २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' या चित्रपटातून साऱ्या देशाने ती गोष्ट पाहिली. त्या चित्रपटात महाविद्यालय आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे. सदरच्या प्रेक्षकांनी तो पाहून टाळ्या वाजवल्या असतील. त्यांनी घरी परतताना आपल्या गल्लीच्या टोकाची भिंतही पाहावी, एवढीच आमची विनंती.

आणि कामठी? सदरहून कामठी किती लांब आहे? पंधरा-सोळा किलोमीटर. तिथल्या छावणीच्या परिसरात फुटबॉल आजही वस्तीच्या रक्तात आहे. रब्बानी क्लबाचे नाव विदर्भात फुटबॉल पाहणाऱ्या कुणाला सांगावे लागत नाही. फातोर्ड्याला आपण नव्हतो म्हणून हळहळणारी मंडळी कामठीला सामना असताना जात नाहीत. का? मैदान धुळीचे आहे म्हणून? की तिथले खेळाडू 'आपले' नाहीत म्हणून? उत्तर ज्याने त्याने आपल्या विवेकाला द्यावे. ज्याला खेळ आवडतो त्याला पंधरा किलोमीटर लांब वाटत नाहीत.

आता आक्षेपांकडे वळू. ते आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आहोत.

मैदान उघडले तर बाहेरची मुले येतील, असे म्हणतात. येतीलच. यावीतच. सकाळी मिस्सेत शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी ऐकायचे आणि संध्याकाळी शेजाऱ्याच्या मुलाला फाटकाबाहेर ठेवायचे, ही कसरत आम्हांला साधत नाही. शिवाय बाहेरची मुले आली म्हणूनच संघ होतो. आपल्या धर्मग्रामातील एका वयाची बावीस मुले एका संध्याकाळी जमा करून दाखवावीत.

मुले पडतील, काचा फुटतील, जबाबदारी कुणाची, असेही विचारतात. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कुलूप हे नाही. त्याचे उत्तर एक प्रौढ माणूस हे आहे. पाच ते सात या दोन तासांत जबाबदार असे कुणीतरी मैदानावर हजर असले, प्रथमोपचाराची पेटी असली आणि खिडक्यांना जाळी असली, तर निम्मी भीती संपते. पूर्वी हे काम कोण करी? एखादे फादर, एखादे शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले एखादे काका. आठवणी सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण आज निवृत्त आहेत. त्यांच्याजवळ वेळ आहे. तो आजवर चहाबरोबर खर्च होत आला आहे.

अभ्यासाचे काय, दहावीचे वर्ष आहे, हा तिसरा आक्षेप. दोन तास खेळून अभ्यास बुडतो आणि चार तास मोबाइल पाहून तो बुडत नाही, असे मानणाऱ्या पालकांशी आम्ही वाद घालणार नाही. त्यांनी एक महिना प्रयोग करून पाहावा.

शेवटचा आक्षेप पैशाचा. आवार भाड्याने दिले नाही तर देखभाल कशी व्हायची? समारंभ होऊ नयेत, असे आम्ही म्हणत नाही. वर्षातल्या काही संध्याकाळी मांडवाला द्याव्यात, उरलेल्या मुलांना. आणि मोठे मैदान लागतेच असे कुठे आहे? चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद जागेत पाच-पाच जणांचा उत्तम खेळ होतो. तेवढी जागा गाड्या हलवल्या की निघते. दोन लोखंडी चौकटी, दोन जाळ्या, चार चेंडू, पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि चुन्याची एक गोणी. सणाच्या दिवशीच्या रोषणाईतून एखादी माळ कमी केली तर एवढा खर्च भागेल.

आमचे मागणे थोडके आहे. धर्मग्रामाच्या मंडळासमोर हा विषय रीतसर मांडला जावा. आठवड्यातून निदान चार संध्याकाळी फाटक उघडे असावे आणि त्यांतली एक मुलींसाठी राखून ठेवावी. आठवणी सांगणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाने आठवड्यातून एक संध्याकाळ मैदानावर उभे राहण्याची जबाबदारी घ्यावी. वर्षातून एकदा कामठीच्या आणि शेजारच्या वस्त्यांच्या संघांना बोलवावे आणि वर्षातून एकदा त्यांच्याकडे जावे. पाहुणे म्हणून जावे, पाठ थोपटायला नव्हे.

आणि एक शेवटचे. आठवणी थांबवू नयेत. त्या लिहून काढाव्यात. कोण कुठे खेळले, कुणी शिकवले, कोणत्या साली, कोणत्या मैदानावर, हे एका वहीत उतरवावे, जुनी छायाचित्रे शोधून त्यांमागे नावे लिहून ठेवावीत. ती नोंद लिहिताना पुष्कळ बढाया आपोआप गळून पडतील आणि चुना मारणाऱ्यांची, शिट्टी वाजवणाऱ्यांची विसरलेली नावे वर येतील. जी आठवण कागदावर टिकते ती पुढच्या पिढीला उपयोगी पडते. जी केवळ जेवणानंतर निघते ती त्या पिढीला कंटाळा आणते, आणि तिला कंटाळा आला तर तो तिचा अपराध नव्हे.

पन्नास वर्षांनी सदरच्या घरांत कुणीतरी पुन्हा आपल्या आवडत्या काळाविषयी बोलत बसेल. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असावे की नसावे, हे आज गल्लीत दुचाक्यांच्या मधून खेळणाऱ्या आठ-दहा पोरांवर अवलंबून आहे, आणि त्या पोरांचे काय व्हायचे ते एका किल्लीवर. ती किल्ली कुणाच्या खिशात आहे हे धर्मग्रामात सर्वांना ठाऊक आहे. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर धेंपोची गोष्ट सुरू होण्याआधी कुणीतरी उठून ती मागावी.